काय, गावलं का?

मासे धरायला जाताना माणसाने गळ न्यावा, आमिष न्यावं, जेवणाचा डबा न्यावा. साक्षीदार मात्र नेऊ नये. मासेमारीचा निम्मा आनंद नदीवर असतो आणि निम्मा घरी येऊन सांगण्यात असतो. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीही त्या दिवशी नदीवर नव्हतं, एवढ्या एकाच आधारावर तो दुसरा आनंद उभा असतो. पाण्यात असेपर्यंत मासा जेमतेमच वाढतो. त्याची खरी वाढ गळातून सुटल्यावर सुरू होते.

माझ्या मरळीचंच बघा. कॉलेजात असताना वारणेत मला एक मरळ लागली होती. मरळ चिवट जात. तिला वरची हवा घेता येते, त्यामुळे पाण्याबाहेर काढली तरी बराच वेळ जगते. बाजारातही ती जिवंतच विकायला येते. माझी मरळ तर गेली कित्येक वर्षं पाण्याबाहेर, आमच्या घराच्या सोप्यात जिवंत आहे आणि अजून वाढतेच आहे. लागली तेव्हा वीतभर होती. माझ्या लग्नापर्यंत हातभर झाली. भाच्याच्या बारशाच्या पंगतीत ती माझ्या कमरेपर्यंत आली, तेव्हा दाजींनी हातातला जिलबीचा तुकडा खाली ठेवला होता. यात खोटं काही नाही. जिवंत प्राणी म्हटल्यावर वाढणारच.

तो भाचा, ओम्या, आता पाच वर्षांचा आहे. पुण्यात सीनियर केजीत शिकतो आणि दिवाळीच्या सुट्टीत आजोळी, म्हणजे आमच्याकडे सांगलीला येतो. या वयातली मुलं सगळ्यावर विश्वास ठेवतात आणि लगेच सगळं दाखवा म्हणतात. मी मरळ सांगितली. ती ओम्याएवढी होती, असं ओघात म्हणालो. ओम्या उभा राहिला, स्वतःकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मामा, उद्या जाऊ या. मला तशीच पाहिजे."

ताईला मी समजावलं, की मुलाला एकदा गळ टाकायला नेलं की मोबाइल सुटतो, निसर्गाची ओढ लागते आणि मुख्य म्हणजे संयम येतो. ताई म्हणाली, "तुला आला?"

मग वार ठरेना. आमच्या घरात मासा खायच्या नियमांपेक्षा न खायचे नियम जास्त. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा, आणि सांगली तर गणपतीचीच. गुरुवार दत्ताचा, खाली नरसोबाची वाडी, वर औदुंबर, मध्ये आम्ही, दत्ताची नजर चुकवायला जागाच नाही. शुक्रवारी बायकोचा उपास, शनिवार मारुतीचा, रविवार जोतिबाचा. उरला बुधवार. त्या बुधवारी कालनिर्णयाच्या चौकटीत काही बारीक अक्षरात छापलंय का, हे आई चष्मा लावून बघू लागली.

"अगं, मासा फक्त धरायचाय," मी म्हणालो.

"मग कुठल्याही वारी जा," आईने कालनिर्णय मिटवलं. "खायची वेळ येईल असं मला नाही वाटत."

शेवटचा मुद्दा मगरीचा. भिलवडी-औदुंबरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेत मगरी आहेत, ही काही अफवा नाही. थंडीत उन्हाला येऊन पडलेल्या मगरी लोकांनी पाहिल्यात, त्यांचे फोटो काढलेत. त्यामुळे ताईने अटी घातल्या. ओम्या घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरच बसेल. पाण्यापासून दहा पायऱ्या लांब. त्याचा एक हात सतत मामाच्या हातात. मी म्हणालो, दहा पायऱ्यांवरून गळ टाकायचा तर काठी विजेच्या खांबाएवढी लागेल. ताई म्हणाली, मग खांब ने. या सगळ्यात एक घोळ असा झाला, की ओम्या शेजारी बसून ऐकत होता. त्याने फक्त एकच विचारलं, "मामा, गळाला मगर लागते?" आणि त्या क्षणापासून त्याला माशात काडीचा रस उरला नाही.

दाजींनी ऑनलाइन मागवलेली काठी पुण्याहून आली होती. ओढली की लांब होणारी, चकचकीत रीळ लावलेली, सोबत पिवळ्या डब्यात डोळे असलेले रबरी मासे. दाजींनी आयुष्यात कधी मासा धरलेला नाही, पण त्यांचे व्हिडिओ बघून झालेत. माझा कल आपला बांबूची काठी, तंगूस, शिशाचा मणी, बुचाचा तुकडा आणि गांडूळ, याकडे. म्हणून बुधवारी पहाटे मी आणि ओम्या परसात न्हाणीच्या पाण्याजवळ गांडुळं काढायला बसलो.

इथे माझा पहिला डाव फसला. मला वाटलं होतं पुण्याचं पोर गांडूळ बघून किंचाळेल. ते किंचाळलं नाही. त्याने प्रत्येक गांडूळ तळहातावर घेतलं, नीट न्याहाळलं आणि त्याला नाव दिलं. बारीक, सारखं वळवळणारं ते "आमच्या मिस". लांब आणि सुस्त ते "बाबा". एक जाडजूड होतं, ते मातीत परत घुसायला बघत होतं. त्याचं नाव त्याने "मामा" ठेवलं. त्याच्याच शेजारी जे होतं ते अर्थातच "मामी". आता दाजींना गळाला लावायला माझी हरकत नव्हती, पण ओम्याची होती. मिसना लावायचं तर त्या रागावतील. मामीला लावण्याचा विषय मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून काढणं शहाणपणाचं नव्हतं. शेवटी आम्ही सगळ्या नातलगांना अळूच्या मुळाशी सन्मानाने सोडलं आणि बायकोकडून कणकेचा गोळा मागून घेतला.

दाजींची काठी घेऊन स्कूटरवरून हरिपूर गाठलं. हरिपूर म्हणजे 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या देवलांचं गाव. तिथे वारणा कृष्णेला मिळते, वर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. त्या पायऱ्यांवर एक म्हातारा टोपीवाला आधीच बसला होता. साधी काठी, तंबाखूची चंची आणि बाजूला झाकलेली बादली. आमच्या काठीकडे त्याने एकदा पाहिलं. मग रिळाकडे. मग माझ्याकडे. आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला. सगळे त्याला अण्णा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो.

इंग्लंडमध्ये आयझॅक वॉल्टन नावाच्या गृहस्थाने १६५३ साली गळाने मासे धरण्यावर एक पुस्तक लिहिलं. ते आजही छापलं जातं आणि मी ते चाळलंय. त्यात माशाच्या सवयी आहेत, आमिषं आहेत, मासा शिजवावा कसा तेही आहे. पण गळ पाण्यात पडल्या पडल्या बरोबरच्या मुलाला शू लागली तर काय करावं, यावर अक्षर नाही. शू झाल्यावर तहान लागली तर? तहान भागल्यावर पुन्हा शू लागली तर? आणि या प्रत्येक वेळी काठी धरायला कोणी नाही म्हणून ती पायरीच्या फटीत खोचून परत येईपर्यंत कणीक गेलेली असेल तर? वॉल्टनने बहुधा घरी कुणाला न सांगताच नदी गाठली होती.

"लागला?" ओम्याने विचारलं.

"अजून टाकला नाही रे."

"आता?"

"थांब."

"आता लागला?"

"ओम्या, याला संयम म्हणतात."

"संयम कधी लागणार?"

नदीकाठी माणूस गळ घेऊन बसला, की त्या गावातल्या प्रत्येकाला तिथून जावं लागतं. आणि जाताना विचारावंच लागतं, "काय, गावलं का?" हा प्रश्न नाही, नमस्कार आहे. त्यावर "बसलोय" एवढंच म्हणायचं असतं, मग समोरचा सल्ला देतो आणि पुढे जातो. म्हैस धुणारा म्हणाला, हितं काय न्हाई, तकडं डोहात टाका. डोहाकडून आलेला म्हणाला, तकडं कशाला, मासं समदं हितं हाईत. एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, काका, कणकेत हळद घाला. त्याचा मित्र म्हणाला, हळद नको, हिंग. फेरफटक्याला आलेल्या एका निवृत्त गृहस्थांना मात्र माशांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी हातातली काठी देवळाच्या दिशेने उंच धरली आणि २०१९च्या पुरात पाणी कुठवर होतं ते दाखवायला सुरुवात केली. "आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, बोला!" सांगलीकराला कुठेही पाणी दिसलं की तो ते आधी फुटात मोजतो. मग आठवण आल्यासारखं त्यांनी विचारलं, "काय, गावलं का?"

"दोन-तीन चांगले लागले होते," मी म्हणालो, "पण सुटले."

"नाही," ओम्या म्हणाला. "एकपण नाही लागला. मामाचा शर्ट लागला."

ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या खरी होती. दाजींची काठी फेकताना रीळ मोकळं करायचं बटण वेळेवर दाबलं नाही, तर गळ नदीऐवजी पाठीमागे येतो. तो माझ्या कॉलरमध्ये रुतला होता आणि अण्णांनी पानाच्या चंचीतल्या अडकित्त्याने तो कापून काढला होता. पण एखाद्या निवृत्त गृहस्थाला हे इतकं तपशिलात सांगायची काय गरज? ओम्याने पुढे हेही सांगितलं की मामा तेव्हा काय म्हणाला. तो शब्द त्याने अगदी स्पष्ट उच्चारला.

त्यानंतर मात्र लागलं. काठी वाकली, रीळ करकरलं, माझ्या छातीत धडधडलं. मी उभा राहून ओढतोय, म्हैसवाला धावत आलाय, ओम्या "मगर! मगर!" ओरडतोय, आणि पाण्यातून वर आला एक नारळ. हिरव्या खणात बांधलेला, वर हळदकुंकू. घाटावर कुणीतरी नदीची ओटी भरली होती, ती मी भर सकाळी परत ओढून काढली. पलीकडे धुणं धुणाऱ्या आज्जींनी हातातलं धोपाटणं खाली ठेवलं.

"आरं, किष्णामाईची ओटी वढून काढतोस? आन् बरुबर लेकरू घिऊन?"

मी खूप समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पुन्हा ओटी भरायला लावली. खण तोच, नारळ तोच, दंड म्हणून वर अकरा रुपये. ते पाण्यात टाकताच ओम्या म्हणाला, "मामा, आता परत धर ना. तेच एक तुला येतं."

तोवर डब्यातली भडंग निघाली होती. सांगलीचा माणूस चंद्रावर गेला तरी बरोबर भडंगेची पुडी असणार. ओम्याने तिखट लागलेले मुरमुरे एकेक करून पाण्यात टाकायला सुरुवात केली आणि काय सांगू, पाणी उकळल्यासारखं झालं. चकाकणाऱ्या पाठी, शेपट्या, बुडबुडे. मी गळ तिथेच टाकला. मासे गळाला बगल देऊन मुरमुरे खात होते. एकाने तर कणीक तोंडात घेऊन बाहेर टाकली; मी पाहिलंय. भडंग संपली तसे मासे गेले.

"कुठे गेले?"

"पुढे. ही नदी महाबळेश्वरला उगवते आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत समुद्राला मिळते."

"म्हणजे ते आंध्रला गेले? आपली भडंग खाऊन?"

हे अण्णांना आवडलं. त्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि ओम्याला जवळ बोलावलं. आपली काठी त्याच्या हातात दिली, तिच्यावर आपला हात ठेवला आणि बुचाकडे बोट दाखवलं. आता हे पोर, जे माझ्याजवळ मिनिटभर टिकत नव्हतं, ते तिथे देवळातल्या नंदीसारखं बसून राहिलं. मला हे लागलं. मासा न लागण्यापेक्षा जास्त लागलं.

बूच बुडालं. दोघांनी मिळून उचललं, आणि गळाला चांगली बोटभर शिंगटी! मिशा, गुळगुळीत अंग, पाठीवर काटा. ओम्याचा आवाज फुटेना. हीच संधी साधून मी पुढे झालो, कारण माहिती सांगणं हा माझा प्रांत. मी शिंगटी हातात घेतली आणि सांगू लागलो, की कर्नल साईक्स नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी दख्खनच्या नद्यांतले मासे गोळा करत फिरला, १८३९ साली त्याने त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली आणि इथल्या लोकांनी सांगितलं ते नाव तसंच उचलून या माशाला...

इथे शिंगटीने कल्ल्यामागचा काटा माझ्या अंगठ्यात घातला. साईक्सला हा अनुभव आला होता की नाही कोण जाणे, पण कर्नल असल्यामुळे तो माझ्याइतक्या मोठ्याने ओरडला नसेल. त्यात तो मासा करकर आवाज करू लागला. शिंगटी पाण्याबाहेर काढली की पंखांचे काटे घासून असा आवाज काढते.

"तो बोलतोय!" ओम्या म्हणाला. "अण्णा, काय म्हणतोय?"

"सोड म्हंतुया."

"मामाला, की आपल्याला?"

"समद्यास्नी."

शिंगटी सोडली. अण्णांनी माझ्या अंगठ्यावर तंबाखू दाबून धरली. मग बादलीवरचं फडकं काढून ओम्याला चिलापी दाखवल्या. मी अंगठा धरून, पण हार न मानता सांगितलं की हा मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ साली भारतात आणला आणि आता नद्यांतून, धरणांतून त्याचंच राज्य आहे. अण्णा म्हणाले, "तसलं मला म्हाईत न्हाई. पर हिची आई पिल्लास्नी तोंडात घिऊन फिरती." हे ओम्याला पटलं. त्याने विचारलं, "मग ती ओरडते कशी?" आमच्या ताईचा मुलगा, त्याला दुसरा कुठला प्रश्न पडणार?

आणि मग, काहीही कारण नसताना, तो अण्णांना म्हणाला, "मामाने माझ्याएवढी मरळ धरलीय."

अण्णांची मान हळूहळू माझ्याकडे वळली. आयुष्य नदीवर काढलेला माणूस. मी पाण्याकडे बघू लागलो.

"कुटं?"

"वारणेत."

"कवा?"

"झाली बरीच वर्षं."

अण्णांनी ओम्याला डोक्यापासून पायापर्यंत मापलं. तंबाखू चोळली, थापटली, तोंडात टाकली. "आसंल की," ते म्हणाले. "माजी जरा ह्येच्यापरीस मोटी हुती."

"खरं?" ओम्या उडालाच. "कुणी बघितली?"

"तेच की रं," अण्णा म्हणाले. "तवा कुणी बगाय नव्हतं."

इतका समंजस माणूस मी पाहिला नाही. त्यांच्या शेजारी, एका पायरीवर, मला फार बरं वाटत होतं. दोघंही पाण्याकडे बघत होतो. आणि तेवढ्यात कोणीतरी वरून ओरडलं, "मगर!"

संगमाच्या बाजूने ती येत होती. काळी, लांब, पाठीवर खवले, तोंड पुढे. पुढचं सगळं एका क्षणात झालं. धुण्याच्या आज्जी, म्हैसवाला, कॉलेजची पोरं, ५७ फूटवाले गृहस्थ, सगळे वरच्या दिशेने. मीही ओम्याला काखेत मारलं आणि एका दमात सगळ्या पायऱ्या चढून देवळाच्या ओट्यावर पोचलो. त्याला धीर द्यायला म्हणून काखेतून काढला, तर ती जेवणाची पिशवी होती. ओम्या खाली अण्णांच्या मांडीवर बसून हात हलवत होता.

"मामा! ही मगर नाहीये! केळीचा खांब आहे!"

एकटी म्हैस तेवढी जागची हलली नव्हती. पोरं मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ एकमेकांना दाखवत होती. त्यात सर्वांत पुढे, पिशवी छातीशी धरलेला, एक इसम दिसत होता. त्याचा चेहरा नीट आला नव्हता, ही किष्णामाईची कृपा. अकरा रुपये वाया गेले नाहीत.

परतीच्या वाटेवर मी ओम्याला आधी कुल्फी दिली आणि मग बोलणी केली. मरळीचं काय सांगायचं, ते राहू दे. अण्णांनी घातलेल्या दोन चिलापी पिशवीत आहेत, त्या कोणी धरल्या, यावरही आपण नंतर बोलू. फक्त एक गोष्ट अजिबात सांगायची नाही. काय?

"तू मला ठेवून पळालास ते."

"शाब्बास. कुणी विचारलं तर?"

"सांगायचं, नाही पळाला."

पोरगं हुशार. दुसरी कुल्फी दिली.

घरी सगळे सोप्यात वाटच बघत होते. बायको, आई, दारात ताई. फोनवर पुण्याहून दाजी. चौघांच्या तोंडून एकदमच निघालं, "काय, गावलं का?"

मी पिशवी वर केली. आईने आत बघितलं, दोन्ही चिलापी उलटसुलट केल्या, पण काही बोलली नाही. ओम्या धावत गेला, ताईच्या कमरेला मिठी मारली आणि कुणी काही विचारायच्या आत एका श्वासात म्हणाला, "आई, मामा मला ठेवून अजिबात पळाला नाही!"

"कुणाला बघून पळाला नाही?" ताईने विचारलं.

"मगरीला," ओम्या म्हणाला. "आणि ती तर मगर नव्हतीच."